खडूच्या डबीतल्या गोळ्या

आत्या गेल्याचा फोन शेजारच्या काकूंकडे आला. निरोप सांगून त्या दारातच घुटमळल्या आणि हळूच म्हणाल्या, "बाई मिश्री लावत असतीन ना?" जिभेचा कॅन्सर म्हटलं की सिल्वासात सगळ्यांना हाच प्रश्न. आत्याने तंबाखूला कधी हात लावला नव्हता... हे सांगून सांगून मी थकले.

ती मराठी शाळेत विज्ञान शिकवायची. राहायची आमच्याकडेच. घरी सोवळ्याचा स्वयंपाक तिच्याकडे, म्हणून गौरी, नवरात्र, सत्यनारायण, काहीही आलं की ती पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घ्यायची. वर्षानुवर्षं. फळीवर खडूच्या रिकाम्या डबीत त्या असत. हे असं वर्तमानपत्राच्या पुरवणीत लिहायला मला संकोच वाटतो. तिला वाटला नसता.

मुंबईला तपासणीसाठी मी तिच्याबरोबर गेले होते. डॉक्टर गुजराती होते. जीभ जड झालेली, तरी वर्गात बोलावं तसं तिने विचारलं, "या गोळ्यांतल्या संप्रेरकाचा माझ्या जिभेच्या पेशींवर काही परिणाम होतो का?" इंग्रजी शाळेतल्या मला तो शब्द ठाऊक नव्हता. डॉक्टरांना त्यात प्रेरणा ऐकू आली. "हां बेन, मन मजबूत रखो."

आत्या माझ्याकडे वळली. "संप्रेरक म्हणजे हार्मोन. सांग त्यांना."

मी सांगितलं. ते हसले, तो गर्भाशयाचा मामला, हा तोंडाचा, असं काहीसं हिंदीत म्हणाले आणि पुन्हा तंबाखूवर आले. बाहेर बाकावर बसल्यावर आत्या म्हणाली, "माहीत नाही म्हणाले असते तरी चाललं असतं. वर्गात मी म्हणते की."

गोळ्यांनीच झालं, असं मी म्हणत नाही. मला माहीत नाही. नंतर ज्या ज्या डॉक्टरांना विचारलं, त्यांनी मलाच मिश्रीचं विचारलं. तिच्या प्रश्नाला कुणी प्रश्न मानलंच नाही, याचा राग काही केल्या जात नाही.

तेराव्याच्या काही दिवस आधी आईने माझी तारीख विचारली. मग खडूची डबी उघडून एक गोळी माझ्या हातावर ठेवली. "नैवेद्य तुलाच करायचाय. तिच्यासाठीच आहे ना."

"आई, यात काय असतं गं?"

"मला काय कळतंय त्यातलं? आत्याला विचार," आई सवयीने म्हणाली... आणि तशीच उभी राहिली.

नैवेद्य आईने केला. गोळी डबीत परत गेली. डबी अजून फळीवर आहे. उघडली की बोटांना खडूची पूड लागते.