भावजींची मधली पानं

साऱ्या हैदराबादेत राक्षसांशी इतक्या अदबीनं बोलणारा माणूस आमच्या यांच्या मामेभावाखेरीज दुसरा झाला नसेल. दुकानदाराकडे सुटे पैसे मागतानाही ज्यांची जीभ अडखळे, ते भावजी दर रविवारी सकाळी आमच्या अंबरपेठच्या घरात सतरंजीवर मांडी घालून बसत आणि सात हात उंच, एकडोळ्या राक्षसाच्या वतीनं आम्हाला "बसा, पाणी घेणार?" असं विचारत. कुणी तलवार उपसली की त्यांना मनापासून वाईट वाटे. "आधी विचारा तरी, तो का चिडलाय," म्हणत. विचारलं की कळायचं, राक्षसाच्या मुलीचं लग्न जमत नाहीये, नाहीतर त्याच्या गुहेत पाणी येत नाहीये. मग आम्ही चार जाणती माणसं दुपारपर्यंत राक्षसाच्या पाण्याची सोय बघत बसायचो, आणि तेवढ्यात आमच्या नळाचं पाणी येऊन गेलेलं असायचं.

हा राक्षसांचा खेळ त्यांना कोठीच्या बाजारात सापडला. जुन्या पुस्तकांच्या ढिगात, डॉक्टरकीच्या पुस्तकांखाली, एक जाडजूड परदेशी पुस्तक होतं. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी गोष्टीतलं एकेक माणूस व्हायचं, कुठे जायचं नि कुणाशी भांडायचं ते आपलं आपण ठरवायचं, आणि बेत जमला की फसला ते फाशावर. नियम सगळे पुस्तकात. त्याला लागणारा वीस बाजूंचा फासा मात्र कोठीत कुणी पाहिलेला नव्हता. भावजी कारखान्यात ड्राफ्ट्समन, अर्ध्या मिलिमीटरची चूक झाली तर त्या दिवशी त्यांना जेवण जात नसे. त्यांनी बेगम बाजारातून तीन किलो चिंच आणली, तिच्यातून एका मापाचे वीस चिंचोके निवडले, त्यांवर बारीक आकडे घातले आणि पितळी गडूत टाकले. डोळे मिटून एक काढायचा, झाला फासा. आमच्याकडे पुढे तीन महिने चिंचेचं सार होतं.

वरच्या मजल्यावरची वसंता, शाळेत गणित शिकवणारी माझी जिवाची मैत्रीण, गोष्टीत तलवारबाज होती. पोस्टातले खलीलभाई जादूगार. आमच्या मागच्या खोलीतला भाडेकरू श्रीनिवास, कॉम्प्युटरच्या क्लासात शिकवणारा, तिरंदाज. मी आपली चहापुरती. पण एका रविवारी हे तिघं शूर पाऊण तास एका बंद दरवाज्यासमोर उभे राहिले, तेव्हा मी स्वयंपाकघरातून म्हटलं, मागचं दार बघा की. भावजींनी एक कोरा कागद माझ्यापुढे सरकवला, आणि मी चोर झाले.

चोर झाले ती अशी झाले की विचारू नका. आज नातवंडं मला म्हातारपणी हट्टी झालीस म्हणतात, त्यांनी पस्तिशीतली मी पाहिलेली नाही. ते पुस्तक खाकी कव्हरात असे, भावजींखेरीज कुणी त्याला हात लावत नसे, आणि मी त्यातलं एक अक्षर वाचलेलं नव्हतं. तरी त्यात काय बसतं नि काय बसत नाही हे बाकीच्यांना मीच सांगायची.

अशी आठ वर्षं गेली. तेवढ्यात गल्लीत केबल आली, घरोघर फोन आले, आणि भावजींच्या कारखान्यात कॉम्प्युटर येऊन त्यांचा ड्रॉइंगबोर्ड गोदामात गेला. मग श्रीनिवासच्या अमेरिकेतल्या भावानं त्याच खेळाची नवी आवृत्ती पाठवली. गुळगुळीत, रंगीत, कोऱ्या कागदाच्या वासाची. जुन्या पुस्तकात कवचाचा आकडा जितका कमी तितकं कवच भक्कम असे. नव्यात आकडा जितका जास्त तितकं भक्कम. खरं सांगायचं तर भांडण एवढंच. वसंता म्हणाली, आठ वर्षं उलटी वजाबाकी करून माझं डोकं पिकलं, आता जरा बेरीज करू. मला ती फितुरी वाटली. श्रीनिवास इंटरनेटच्या दुकानातून बातमी घेऊन आला की सातासमुद्रापार याच आकड्यावरून लोक एकमेकांचे वाडवडील काढताहेत. मला फार बरं वाटलं. म्हटलं, आपण एकट्या नाही. खलीलभाईंना मत विचारलं तर ते म्हणाले, "किताब कोन्सी बी रहन दो भाभी, चाय होना."

नवे वर वसंताकडे बसू लागले, जुने खाली माझ्याकडे. जुने म्हणजे मी, आणि चहापायी खलीलभाई. भावजी एक रविवार वर, एक रविवार खाली. मला वाटे, हा त्यांचा भिडस्तपणा. बोर्ड गेला तो गेला, यांचं पुस्तक तरी मी जाऊ देणार नाही, असा मी विडा उचलला होता. त्यांना विचारायचं मात्र राहून गेलं. वसंतानं संक्रांतीला गुळाच्या पोळ्या पाठवल्या, तो डबा मी धुऊन, पुसून, रिकामा परत केला. आमच्या माहेरी वैऱ्याच्या डब्यातही चिमूटभर साखर घालून परत द्यायची रीत. दोन महिने आम्ही जिन्यात एकमेकींना वाट देऊन, न बोलता चढत-उतरत होतो.

पंचाईत अशी की फूट पडली त्याच रविवारी वसंताची तलवारबाज एका पुलावर मेली होती. नव्या पुस्तकाप्रमाणे जादूगारानं एक मंत्र म्हटला आणि थोड्या मोहरा खर्चल्या की मेलेलं माणूस उठे, पण जादूगार खलीलभाई तर खाली माझ्याकडे. जुन्याचा नियम कडक. उरलेल्यांपैकी एकानं आपली सगळ्यात लाडकी वस्तू सोडायची आणि त्या मेलेल्याला परत का बोलावतोय ते मोठ्यानं सांगायचं. मी काही ते करत नव्हते, आणि वसंता दुसरं कुणी व्हायला तयार नव्हती. दोन्ही मजल्यांवर गोष्ट त्या पुलाशी अडून राहिली. शेवटी भावजी म्हणाले, या रविवारी सगळे खाली एकत्र बसा, नाहीतर मी गडू घरी नेतो.

सगळे आले. वसंता दाराजवळ बसली. श्रीनिवासनं नव्या पुस्तकातला मंत्र वाचला, आणि मी उठले. म्हटलं, मरण म्हणजे काय चार मोहरांचं काम आहे? भावजी, मूळ नियम वाचून दाखवा यांना. ते म्हणाले, "राहू द्या वहिनी." मी कसली राहू देते! त्यांच्या पिशवीतून पुस्तक काढलं आणि सगळ्यांसमोर उघडलं.

मधली पन्नासेक पानं नव्हतीच. त्यांच्या जागी ड्रॉइंगचा कागद मापानं कापून, दोऱ्यानं शिवून घातला होता, आणि त्यावर पेन्सिलीनं, नकाशावर घालतात तशा सरळ, सुट्या मराठी अक्षरांत सगळं लिहिलेलं होतं. राक्षसाला आधी विचारायचा नियम. मेलेल्याला उठवायचा नियम. मी ज्या आवृत्तीसाठी दोन महिने लढले, तिची जगात एकच प्रत होती आणि ती आमच्या मामेसासऱ्यांच्या घरी तयार झाली होती.

भावजींची मान खाली. "कोठीत घेतलं तेव्हाच नव्हती ती पानं," ते म्हणाले. "म्हटलं, मिळेपर्यंत आपलं चालवू. मग मिळालीच नाहीत." त्यांनी पुस्तक मिटलं आणि गडूकडे हात नेला. आता हे उठले की पुन्हा बसायचे नाहीत, हे मला स्वच्छ दिसत होतं, आणि ते माझंच कर्तृत्व होतं.

बोलली ती वसंता. "मी नव्या पुस्तकाची, भावजी. पण उठवायचं तर मला या पानावरनं उठवा."

भावजींनी माझ्याकडे पाहिलं. एरवी मला ते तुम्ही म्हणत, खेळात मात्र आपण. "आपण काय सोडता?"

दोन वर्षं खपून एका राजाच्या मुकुटातून चोरलेला निळा खडा होता माझ्याकडे. तो सोडला.

"आणि त्यांना परत का बोलावता आहात?"

मी दाराकडे बघून म्हटलं, "जिन्यात बोलायला कुणी उरलं नाही म्हणून."

"हौ, ये सही है," खलीलभाई म्हणाले. भावजींनी पेन्सिलीनं काहीतरी टिपलं. "बरं. मग त्या उठल्या." वसंता डोळे पुसत म्हणाली, "कुसुम, कवचाचा आकडा मात्र नव्या पुस्तकाचा." मी कबूल झाले. बेरीज खरंच सोपी होती.

पुढे किती रविवार झाले, मोजले नाहीत. श्रीनिवास भावाकडे गेला, खलीलभाई निवृत्त झाले, वसंता लेकीकडे पुण्याला. भावजी गेल्याला पाच वर्षं झाली. त्यांच्या बायकोनं ते पुस्तक माझ्याकडे दिलंय. मागे वसंता आली होती, तेव्हा दुपारी मेलेल्याला उठवायचं ते पान उघडून आम्ही दोघी बसलो. काय सोडायचं ते सांगायला आम्हाला क्षण लागला नसता, आणि का बोलवायचं तेही दोघींना ठाऊक होतं. पण समोर कुणीतरी बसून 'आपण' म्हणून विचारावं लागतं. त्यांनी तसं लिहूनच ठेवलंय.