एकशे दहा पेले

चर्चमधल्या प्रभुभोजनाच्या रसाला मनुका किती लागतात, हे रिबेका सातपुतेला तराजूशिवाय ठाऊक होतं. सव्वा किलो, काळ्या, बियांच्या. शुक्रवारी संध्याकाळी कोमट पाण्यात भिजत घालायच्या. शनिवारी त्याच पाण्यात उकळायच्या, रवीनं घोटायच्या, मलमलीतून दोनदा गाळायच्या. एकशे दहा छोटे पेले भरतात आणि अर्धी वाटी उरते. तिथली मंडळी दारूला शिवत नाही, म्हणून द्राक्षारसाच्या जागी हा रस. महिन्याच्या पहिल्या रविवारी, एकोणीस वर्षं, तो तिनंच केला. बिनखमिराची भाकरही तिचीच. टेबलावरचा पांढरा कपडा धुऊन, निळीतून काढून, इस्त्री करून तीच अंथरायची. कुणी हात लावायला आलं तर म्हणायची, "राहू दे गं, मी करतो की."

पोटासाठी ती कोल्हापुरातल्या एका खासगी हॉस्पिटलच्या धुलाईत होती. दिवसाला दीडशे चादरी. रक्ताचा डाग गार पाण्यात आधी काढायचा, मग गरम पाणी. उलटं केलं की डाग कायमचा बसतो. नव्या बायकांना ती हे एकदाच सांगायची आणि दुसऱ्यांदा चुकल्या तर चादर परत टाकीत टाकायची. चोवीस वर्षं ब्लिचिंगच्या वाफेत उभी राहून तिचं नाक मात्र गेलं होतं. वास येत नव्हता. हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही. सांगितलं की एकेक काम काढून घेतील, ही धास्ती.

कामं तरी किती! गुरुवारी महिला मंडळाची प्रार्थना. आजारी माणसांच्या भेटी. रोज संध्याकाळी शेजारच्या धोंडुबाईंना अंग पुसून भरवायचं. धोंडुबाईंची एक बाजू लुळी पडलेली. मुलगा कबनूरला यंत्रमागावर कामाला, आठवड्यातून एकदा यायचा. पगारी बाई ठेवली होती, तिला धोंडुबाईंनी तिसऱ्या दिवशी पळवून लावलं.

मे महिन्यात धुलाईतल्या दोघी रजेवर गेल्या. रिबेकानं डबल ड्युटी घेतली. शनिवारी वेळ मिळणार नाही म्हणून मनुका गुरुवारीच भिजवल्या. शुक्रवारी उकळायच्या होत्या. पण शुक्रवारी धोंडुबाईंना ताप आला. शनिवारी ती घरी आली तेव्हा पाय सुजले होते. पातेलं ओट्यावर झाकून होतं. तिला वाटलं, काल उकळलंय. घोटलं, गाळलं, बाटलीत भरलं.

रविवारी सकाळी पेल्यांत बारीक बुडबुडे दिसले. साबण राहिला असणार, म्हणून ती स्वतःवरच चिडली. पुन्हा धुवायला वेळ नव्हता. पेल्यांवर कपडा टाकून ती बाकावर येऊन बसली.

मंडळीच्या रीतीप्रमाणे पहिला पेला पंचांना, म्हणजे मंडळीचा कारभार बघणाऱ्यांना. सगळ्यांत पुढे हंबीरराव. पूर्वी ट्रकवर ड्रायव्हर होता. अठरा वर्षांपूर्वी दारू सोडली, तेव्हापासून होमिओपॅथीच्या गोळ्यासुद्धा घेत नाही, त्यात स्पिरिट असतं म्हणून. त्यानं पेला उचलला. तोंडापाशी नेला आणि तिथंच थांबला. रिबेकाला त्याची पाठ दिसत होती. मग त्यानं पेला ताटात ठेवला आणि पाळकांच्या कानाशी वाकला.

पाळक सालोमन तरुण माणूस. त्यांनी ताटं झाकली. म्हणाले, "आज आपण भाकर घेऊ. पेला पुढच्या रविवारी."

उपासना सुटली तसं रस आंबून दारू झाल्याचं बाहेर सगळ्यांना कळलं. चपला घालता घालता कुणीतरी म्हणालं, "अक्का, पुढच्या बारीला चकणा पण आणा की!" चार जण हसले. रिबेका आत गेली. एकशे दहा पेले तिनं एकेक करून मोरीत ओतले. तेजस्वी, मंडळीतली तरुण शिक्षिका, पदर खोचून आली.

"अक्का, मी विसळते."

"राहू दे. मी करतो की."

घरी जाताना तिचं ठरलं होतं. पुढच्या रविवारी दुप्पट मेहनत. मनुका स्वतः निवडायच्या, उकळी स्वतः मोजायची, पेले तीनदा धुवायचे. मेहनतीनं चूक भरून निघते, एवढंच तिला आयुष्यात शिकवलं होतं.

सोमवारी संध्याकाळी धोंडुबाईंना भरवताना तिनं सगळं सांगितलं. धोंडुबाईंचं तोंड वाकडं झालं होतं, बोलणं मात्र सरळच होतं.

"म्हंजे तुमच्या देवळात तू दारू वाटलीस?"

"वाटली न्हाय. वाटता वाटता ऱ्हायली."

"रिबे, तुझा देव सहा दिवसांत जग करून सातव्या दिवशी बसला म्हणतीस न्हवं?"

"व्हय."

"आणि तू कवा बसतीस? त्येच्यापरास शानी हाईस व्हय?"

"तुमचं कोण करायचं मग?"

"माझं तूच करायचं. मी काय म्हणतोय ते ऐक. माझं करतीस तेबी उभ्या उभ्या. घास तोंडात कोंबतीस आणि दाराकडं बघतीस. मला काय गाडी गाठायची हाय?"

रिबेकाला राग आला. तोंड पुसून, ताट घेऊन ती निघाली. बसली नाही.

घरी हंबीरराव येऊन बसला होता. तिचा नवरा आकाराम त्याच्याशेजारी. आकारामनं शिरोलीच्या फाउंड्रीत तीस वर्षं साचे भरले होते. आता गुडघे धरून घरी असायचा.

"सलाम, अक्का."

"सलाम. भांडायला आलाय तर बसा, चहा टाकतो."

"भांडायला न्हाय. एकच विचारतो. वास आला न्हाय तुमास्नी?"

तिनं पातेलं गॅसवर ठेवलं. पाठ फिरवूनच म्हणाली, "न्हाय येत."

"आता?"

"कवाच न्हाय येत. पाच-सहा वर्सं झाली."

आकाराम ताठ झाला. "आणि मला ठावं न्हाय? दूध नासलं का बघा म्हणून रोज मला बोलवायचीस. मला वाटलं, मान देतीस!"

हंबीरराव हसला, पण लगेच थांबला. "अक्का, पेला नाकाशी आला आणि अठरा वर्सं एका बाजूला झाली. हात खाली येईना, वर जाईना. मी एकटा असतो तर घेतला असता. बाजूला पाळकसाहेब उभं होतं म्हणून ठेवला."

रिबेका वळली. काल लोक हसले ते तिला लागलं होतं. हे त्याहून खोल होतं. आपली लाज ती दोन दिवस धूत बसली होती. या माणसाचं काय झालं असतं, ते तिच्या मनातही आलं नव्हतं.

"मला सोडायला पाच माणसं लागली," हंबीरराव म्हणाला. "ह्यो तुमचा नवरा त्यातला एक. रोज पाळी सुटली की मला घरापतुर पोचवायचा. एकट्यानं जमत न्हाय, हे कबूल करायलाच मला चार वर्सं गेली. तुमची तर एकोणीस झाली."

"मग काढून घ्या काम माझ्याकडनं."

"काढून कोण घेतंय? नाक उसनं घ्या म्हणतोय."

चहा उतू गेला. तो वास दोघांना आला, तिला आला नाही. आकारामनं उठून गॅस बंद केला.

बुधवारी तिनं चौघींना घरी बोलावलं. तेजस्वी त्यातली एक. शिकवताना तिनं कुणाला सोडलं नाही. हात कोपरापर्यंत धुवायला लावले. कणीक सैल झाली ती परत मळायला लावली. पाळ्या ठरल्या: दर महिन्याला एकीची. धुलाईतली डबल ड्युटी तिनं सोडली. गुरुवारच्या प्रार्थनेचंही पाळकांना सांगून टाकलं: "साहेब, गुरुवारी मी न्हाय येणार. धोंडुबाईचं अंग पुसताना माझी प्रार्थना हुती, तेवढीच धरा." पाळकांनी थोडा विचार केला आणि मान हलवली.

पहिली पाळी तेजस्वीची. शनिवारी दुपारी रिबेकाला चैन पडेना. मलमलीचा कपडा पिशवीत घालून ती निघाली आणि तेजस्वीच्या बोळाच्या तोंडाशी पोचली. खिडकीतून वाफ येत होती. मग आवाज आला. मिक्सर!

मिक्सरनं बिया फुटतात. बिया फुटल्या की रस कडू. रिबेका दोन पावलं आत गेली. दार ठोठावायचं, मिक्सर बंद करायचा, रवी मागायची. मग उकळायचं आपणच, गाळायचं आपणच. पुढचं सगळं तिला दिसलं, बारा महिन्यांचं. ती बोळात उभी राहिली. मिक्सर थांबेपर्यंत उभी राहिली. चादर परत टाकीत टाकण्याइतकं ते सोपं नव्हतं. मग पिशवी तशीच घेऊन माघारी वळली.

रविवारी उपासनेआधी हंबीररावानं बाटलीचं बूच दुरूनच हुंगलं आणि मान डोलावली. हे काम आता त्याचं. रिबेका तिसऱ्या बाकावर बसली. हातांना काही काम नव्हतं. टेबलावरच्या कपड्याची एक घडी वाकडी होती. ती तिनं चार वेळा बघितली. मग पाळकांचे शब्द ऐकू यायला लागले. एकोणीस वर्षं त्या शब्दांच्या वेळी ती पेले मोजत असायची. पेला हातात आला. रस कडू होता. तिनं शेवटच्या थेंबापर्यंत घेतला.

बाहेर तेजस्वी वाट बघत होती. "अक्का, कडू झाला ना?"

"व्हय. बिया फुटल्या. मिक्सर न्हाय, रवी."

"मग काल का नाही सांगितलं? आईनं बोळात बघितलं तुम्हाला."

"सांगितलं असतं तर मीच घोटून दिलं असतं की."

तेजस्वी खाली बघत म्हणाली, "पुढच्या महिन्यात नीट करते."

"पुढच्या महिन्यात दुसरीची पाळी. तुझी आता चार महिन्यांनी. तवर डाळ घोटून रवीवर हात बसव."

दुपारी ती धोंडुबाईंकडे गेली. रविवारी ती कधी दिवेलागणीच्या आत जायची नाही. धोंडुबाईंनी मान वळवली.

"आज लौकर? आणि हात मोकळं?"

"मोकळंच हाईत."

"मग बस की."

रिबेकानं कोपऱ्यातला पाट ओढला आणि बसली.