भुंग्यांसाठी मांडव

आमचे काका सुतार. त्यांनी केलेल्या वस्तूला कुणी खिळा ठोकलेला त्यांना खपत नसे. साधं कॅलेंडर लावायचं तरी विचारावं लागे, आणि विचारलं की नकार ठरलेला. अशा माणसाच्या परसातल्या लाकडी मांडवाला भुंग्यांनी भोकं पाडली. काका हात धुऊन त्यांच्या मागे लागले. भोक दिसलं की पुट्टी भरायची, घासायचं, वरून रंग द्यायचा. वर्षभरात भुंगे हद्दपार झाले आणि काका मिशीला ताव देत फिरू लागले.

त्या मांडवावर काकूचा कृष्णफळाचा, म्हणजे पॅशन फ्रूटचा, वेल होता. तिच्या आईच्या दारातलं बी. आई गेली, ते घर विकलं, उरला हा वेल, आणि तोही म्हातारा होत चाललेला. इतकी वर्षं फळं खाऊन आम्ही बिया थुंकल्या. जपून ठेवायचं कुणाला सुचलं नाही. आता नव्या रोपांसाठी बी हवं होतं, तर वेल फुलांनी लगडला आणि फळ एकही धरेना. काकूने खत घातलं, आळं केलं, वेलाशी गोडीत बोलून पाहिलं. काही उपयोग झाला नाही.

"मधमाश्या तर येतात की," काका म्हणाले.

"येतात, मध खातात आणि चालत्या होतात. फुकट्या मेल्या!" कोमेजलेलं फूल खुडत काकू म्हणाली. "अहो, आईचं एवढंच राहिलंय माझ्याकडे."

दुसऱ्या दिवशी काका दुकान बंद करून वेलाखाली स्टूल टाकून बसले. नंतर रोजच दुपारी बसायला लागले. एकदा कुठूनसा एक चुकार भुंगा आला. काकांचा हात सवयीने चपलेकडे गेला आणि तिथेच थांबला. मधमाशी फुलात शिरे तेव्हा तिच्या डोक्यावर भरपूर जागा उरे. वरच्या परागाला ती शिवतसुद्धा नसे. भुंग्याची पाठ मात्र बरोब्बर टेकली. पिवळी झालेली पाठ घेऊन तो पुढच्या फुलात शिरला.

"अगं, इकडे ये!" काका ओरडले. "खाचेत लाकडाचं कुसू बसावं तसा बसतोय बघ! हे एका दिवसाचं काम नाही. पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांच्या मापाने घडलेत हे दोघं. आणि मी गाढव, पुट्टी भरत बसलो."

त्यांनी पटाशीने सगळी पुट्टी उकरून काढली. तरी भुंगे येईनात. मग जुने वाळके ओंडके आणले, गिरमिटाने भोकं पाडली आणि मांडवाखाली टांगले. शेजारी हसले. "सुतारा, आता किड्यांची घरं बांधतोस?"

"बांधतो. तुमचं काही काम असेल तर रांगेत थांबा."

पुढच्या हंगामात मांडवाखाली भुसा पडलेला दिसला. मग गुणगुण ऐकू आली. मग फळं धरली. पहिलं फळ फोडलं तेव्हा काकूने आम्हाला एकही बी गिळू दिली नाही. ती रडत होती आणि बिया धूत होती.

मी वर पाहिलं. भुंग्यांनी काकांचे ओंडके सोडून मधला वासाच पोखरला होता.

"काका, हा मांडव पडेल हो एक दिवस."

"पडू दे," काका म्हणाले. "मांडव मी दुसरा करीन. भुंगा मला करता येत नाही."