त्रस्त नागरिक

मी नांदेडला डिजिटल पत्रकारिता शिकत होते, तेव्हा कॉलेजच्या गेटवर अर्धापूरची केळी विकणारे एक मामा होते. मोबाईलवर मुलाखतीचा सराव म्हटला की आमची सगळी बॅच त्यांच्याच गाड्यावर. मोबाईल समोर धरला की ते एवढंच विचारायचे, "आज मी कोण हाय?"

"त्रस्त नागरिक, मामा. रस्त्यावरचे खड्डे."

लगेच कपाळाला आठ्या. "लई बेजार झालो बघा ह्या रस्त्यानं!"

दुसऱ्या दिवशी ते संतप्त प्रवासी, तिसऱ्या दिवशी क्रिकेटप्रेमी. वर मलाच शिकवायचे, "ऊन माझ्या पाठीमागं नको, तोंड काळं येतंय." रिटेक त्यांना माहीतच नव्हता.

परीक्षेच्या व्हिडिओला सरांनी अट घातली, बोलणाऱ्याचं खरं नाव खालच्या पट्टीत हवं. दोन वर्षांत ते मी एकदाही विचारलं नव्हतं. तशीच गाड्यावर गेले. मामांचा नेहमीचा प्रश्न आलाच.

"आज तुम्ही तुम्हीच, मामा. नाव सांगा."

मामांनी हात पुसले, शर्टाचं वरचं बटण लावलं. कॅमेऱ्याकडं बघून बोलायला लागले आणि अडखळले.

स्वतःचं नाव सांगायला त्यांना तीन रिटेक लागले.