कुशाबा आणि समुद्रकाठचा भात

कुशाबाला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो गुडघाभर चिखलात उभा होता आणि बांधावरून चार माणसं त्याला हसत होती.

आंबेगावच्या पश्चिमेला, घोड नदीच्या अंगाला त्याची भाताची खाचरं. सरकारने तेव्हा जपानी पद्धतीने भात लावायची मोहीम काढली होती. रोपं विरळ लावायची, दोरी धरून ओळीत लावायची, असा तो प्रकार. मी पुण्याला मराठी घेऊन बी.ए. झालो होतो आणि तालुक्याच्या शेतकी कचेरीत चिकटलो होतो. भात कधी लावला नव्हता. आमचं गाव महाळुंगे पडवळ, तिकडे बाजरी. दोरी कशी धरायची हे मी पत्रकात वाचून सांगत होतो. ऐकत होता एकटा कुशाबा.

"कुशाबा, सुतारकी कवा शिकलास?" बांधावरून गेणभाऊ ओरडला. "दोरी मारून भात लावतोय!"

"थांब, तुझ्या डोक्यावरनं बी मारतो," कुशाबा वर न बघता म्हणाला. "भांग तरी सरळ यील."

त्या दिवसापासून आमची दोस्ती. तो पन्नाशीचा, मी पंचविशीच्या आतला. माझं नाव सावळेराम. त्याने ते कधीच घेतलं नाही. तो मला 'बीए' म्हणायचा.

दोन-तीन हंगामांत त्याच्या खाचरात तालुक्यात सगळ्यांत जास्त भात पिकला. मग जिल्ह्यात नाव झालं. छप्पन साली काही शेतकरी जपानला पाठवायचे ठरले, त्यात त्याची निवड झाली. बरोबर इंग्रजी समजणारा एक माणूस हवा होता. कुशाबा साहेबांना म्हणाला, "बीए येत आसंल तर जातो. न्हाई तर मला हितंच लई कामं हायेत."

तोवर तो पूर्वेला ओझरच्या गणपतीपलीकडे गेला नव्हता. जुन्नरच्या निजाम शिंप्याने त्याचा कोट शिवला. माप घेताना निजामभाई म्हणाला, "कुशाबा, कोट घातल्यावर हात कुठं ठेवायचे ते माणसाला सुचत नाही. म्हणून चार खिसे केलेत. आलटून पालटून घाला."

निघायच्या आधी त्याच्या बायकोने, साळुबाईने, मला घरात बोलावलं. ती चुलीपुढे बसली होती.

"भाऊ, तिकडं आपल्या आधी भात निघतो म्हनं?"

"हो. थोडा आधी निघतो."

"मंग ह्यांच्या तोंडात नवं जाऊ दिऊ नका."

मला लगेच कळलं नाही. तिने समजावून सांगितलं. नवा भात निघाला की तो आधी देवापुढे ठेवायचा, मग घराने खायचा. त्यांच्या घरात देवापुढे ठेवण्याचं काम कर्त्या पुरुषाचं. सासरा होता तोवर सासऱ्याने केलं, त्याच्यामागे कुशाबा करत होता. या वर्षी कापणी, झोडणी पोरं करणार होती. पण कुशाबा परत येईपर्यंत नव्यातला दाणा कुणी खाणार नव्हतं. जुना तांदूळ संपत आला होता. संपला की घर नाचणीच्या भाकरीवर राहणार होतं. दोन सुना, नातवंडं, सगळी.

"आमी थांबतो," साळुबाई म्हणाली. "त्येंनी बी थांबायचं. मालकच भायेर नवं खाऊन आला, तर देवापुढं काय ठिवू? उष्टं?"

कुशाबा दारात उभा होता. तो म्हणाला, "आगं, मला सांग की. त्येला काय सांगतीस?"

"तुमाला ताटात काय वाढलं त्ये कुटं कळतंय? पुढं आलं की खाता."

जपानात आम्हा दोघांना मोरिता नावाच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या घरी ठेवलं. गाव समुद्रापासून जवळ. ओकादा नावाचे शाळामास्तर आमचे दुभाषे. कुशाबा बोलायचा ते मी इंग्रजीत सांगायचो, ओकादा ते जपानीत सांगायचे. उत्तर त्याच वाटेने परत यायचं. शेतात मात्र या वाटेची गरज पडत नसे. कुशाबा आणि मोरिता चिखलात उतरले की हातवाऱ्यांनी तासन् तास भांडत.

जेवणाला बसलं की कुशाबा रोज एकच प्रश्न विचारायचा.

"बीए, जुनं का नवं?"

मी ओकादांना विचारायचो. ते मोरिताच्या बायकोला विचारायचे. उत्तर यायचं, जुनं. मग कुशाबा जेवायचा. ओकादांची समजूत झाली की हिंदुस्थानात जुन्या तांदळाला जुन्या दारूसारखा मान असतो. मी ती मोडली नाही. एवढं सगळं इंग्रजीत सांगायचं माझ्या जिवावर आलं होतं.

मग तिथली कापणी झाली. आमचे परतीचे दिवस आले. मोरिताने निरोपाचं जेवण ठरवलं. घरी नाही. समुद्रकाठच्या शहरात, तिथल्या सगळ्यांत नावाजलेल्या सुशीच्या खाणावळीत.

ते शहर टोकियोच्या श्रीमंतांचं. उन्हाळ्यात ते पोहायला येतात. आता उन्हाळा सरला होता. वाळूवर माणूस नव्हतं. मोठाल्या हॉटेलांची दारं बंद होती. खाणावळ उघडी होती. बाहेर पाटी नाही, गर्दी नाही, फक्त एक निळा पडदा आणि उंबऱ्यापाशी मिठाच्या दोन इवल्या राशी.

कुशाबा राशींपाशी थांबला. "कुनाची दिष्ट काढली रं?"

"रीत असेल त्यांची."

"मंग बरं हाय."

वहाणा काढून आत गेलो. चटया अंथरलेल्या. पिवळसर लाकडाची एक लांब बुटकी फळी. फळीपलीकडे आचारी, पांढऱ्या कपड्यांत. त्याचं नाव माएदा. सगळं इतकं स्वच्छ आणि इतकं शांत, की मला खोकला आला तो मी गिळला.

सुशी म्हणजे भाताचा बोटाएवढा गोळा आणि वर कच्च्या माशाची पातळ चकती. भातात शिरका घातलेला असतो. मला काळजी होती ती माशाची. कच्चा मासा कुशाबाच्या घशाखाली उतरेल का, न उतरला तर काय करायचं, याची मी वाटभर तयारी केली होती. कुशाबाला त्याचं काहीच नव्हतं.

"घोडंचा मासा आमी भाजतो. ह्ये भाजत न्हाईत. जळण वाचतं," तो म्हणाला.

माएदाने पहिला गोळा मोरितापुढे ठेवला, मग ओकादांपुढे, मग आम्हा दोघांपुढे. मोरिताने तो तोंडात टाकला आणि डोळे मिटले. मीही खाल्ला. कुशाबाने उचलला. तेवढ्यात मोरिता डोळे उघडून काहीतरी आनंदाने बोलला. ओकादा माझ्याकडे वळले.

"मोरिता म्हणतात, हा त्यांच्या शेतातला नवा तांदूळ. आज सकाळी ते स्वतः पोतं घेऊन इथे आले होते. यंदाचा पहिला घास तुमच्याबरोबर खायचा, म्हणून."

कुशाबाचा हात तोंडापाशी होता.

"काय म्हनला?"

मी ओकादांकडे बघितलं.

"बीए. जुनं का नवं?"

तो जुनं ऐकायच्या तयारीत होता. मी जुनं म्हटलं असतं तर त्याने खाल्लं असतं. कुणाला कळलं नसतं. मला ते शक्य होतं आणि माझ्या तोंडून ते आलं नाही.

"नवं," मी म्हणालो.

त्याने गोळा हळूच खाली ठेवला. हात मांडीवर घेतले. मोरिता हसत त्याच्याकडे बघत होता. हसणं हळूहळू कमी झालं.

"पोट बिघडलंय म्हणून सांगतो," मी घाईने म्हणालो.

"माझं पोट बरं हाय."

"कुशाबा, म्हातारा स्वतः पोतं वाहून घेऊन आलाय."

"म्हनून तर. येवढे दिस त्येनं घरात ठिवलं. त्येच्यापुढं खोटं बोलू?"

"मग खाणार का?"

तो मला न बघता फळीकडे बघून बोलला. "घरी पोरं नाचनी खात असतील. भात कणगीत भरला आसंल. वास येत आसंल त्येचा. बारका नातू रोज इचारीत आसंल, आबा कवा येनार. आन् मी हितं खाऊ?"

"खरं सांगितलं तर त्यांना राग येईल."

"यिऊ दे. पर खरं सांग."

मी सांगितलं. साळुबाई चुलीपुढे बोलली ते इंग्रजीत सांगताना मला घाम फुटला. ओकादांचा चेहरा लाल झाला. त्यांनी खाली मान घालून मोरिताला सांगितलं. बराच वेळ सांगितलं. मोरिताचे दोन्ही हात फळीवर होते. ते त्याने काढून घेतले.

माएदाची सुरी थांबली.

मग माएदा फळीमागून बाहेर आला. मोरितासमोर गुडघे टेकून बसला आणि कपाळ चटईला लावून बोलू लागला. मला वाटलं, संपलं. आम्ही या माणसाच्या दुकानात त्याच्या पाहुण्याचा अपमान केला आणि हा त्याची माफी मागतोय. मोरिताचे डोळे मोठे होत गेले. ओकादा भाषांतर करायचं विसरले.

"काय झालं?" मी विचारलं. "काय म्हणतात?"

"ते क्षमा मागताहेत," ओकादा म्हणाले. "म्हणतात, हा तांदूळ नवा नाही."

मी परत विचारलं. ओकादांनी परत तेच सांगितलं. नव्या तांदळात पाणी फार असतं. तो शिरका पीत नाही, गोळा चिकट होतो. कुठलाही चांगला सुशीवाला त्याला हात लावत नाही. मोरिता एवढ्या हौसेने पोतं घेऊन आला, म्हणून सकाळी माएदाच्या तोंडून शब्द निघाला नाही. त्याने पोतं आत ठेवलं आणि नेहमीचा भात केला. मघाशी मोरिता डोळे मिटून वाहवा करत होता, तेव्हाही तो गप्प राहिला होता.

माएदा आणखी एक वाक्य बोलला. ओकादांनी ते सांगितलं. "तांदूळ तुमच्याच शेतातला आहे. गेल्या वर्षीचा."

मोरिता एकदम खदखदून हसला. मांडीवर थाप मारून हसला. माएदाने डोकं वर केलं आणि तोही हसू लागला. त्याचे डोळे ओले झाले होते.

"ए बीए," कुशाबा म्हणाला, "मघाशी रडाय झाले व्हते, आता हसत्यात. कोन मेलं का कोन जलमलं?"

"जुना आहे!" मी म्हणालो. माझा आवाज चिरकला. "भात जुना आहे, कुशाबा. गेल्या सालचा."

"आं? मला खायला लावाया तर सांगत न्हाईत?"

हे मी भाषांतर केलं नाही. पण माएदाला नजरेतून कळलं असावं. तो आत गेला आणि पोतं उचलून घेऊन आला. गवताचं विणलेलं पोतं, तोंड दोरीने आवळलेलं. कुशाबा उठला, पोत्यापाशी उकिडवा बसला आणि गाठ चाचपून बघितली. मोरिताच्या अंगणात तो अशी पोती बांधू लागला होता. गाठ मोरिताची होती आणि ती कुणी सोडली नव्हती.

तो उठला. जागेवर येऊन बसला. गोळा उचलला आणि अख्खा तोंडात टाकला.

आम्ही तिघंही त्याच्या तोंडाकडे बघत होतो. माएदासुद्धा.

"ब्येस," कुशाबा म्हणाला.

मग तो सुटला. माएदा वळत होता आणि हा खात होता. मधेच माशाबरोबर खायचा त्यांचा हिरवा ठेचा त्याने बोटभर घेतला आणि नाक धरून बसला. "आयला, ह्यो जिभंला कायच करत न्हाई, थेट टाळक्यात जातोय!" डोळे पुसत त्याने परत घेतला. मग मला म्हणाला, "त्येला सांग, लई शाना हायेस. नव्याचा गिचका व्हतो. आमच्यात बी लगीनकार्याला जुना तांदूळ राखत्यात. पावण्यापुढं गिचका कोन वाढंल?"

हे ऐकून माएदाने इतकं खाली वाकून नमस्कार केला की कुशाबा अवघडला. त्याने दोन्ही हात कोटाच्या वेगवेगळ्या खिशांत घालून पाहिले, मग काढले आणि जोडले.

मोरिताने ओकादांकरवी एकच गोष्ट विचारली. घरचे लोक खरंच याच्यासाठी थांबले असतील का?

"थांबले असतील," कुशाबा म्हणाला. त्यात प्रश्न काय होता, हे त्याला कळलं नाही.

आम्ही मार्गशीर्षात परतलो. मी त्याच्याबरोबर वाडीपर्यंत गेलो. कुशाबा अंगणात पाय धूत होता. गेणभाऊ आणि गावची माणसं त्याच्याभोवती जमली होती. "दोरीवाला आला रं," असं चाललं होतं. मी आत गेलो. चुलीवर आधण ठेवलेलं होतं. तांदूळ कांडून, पाखडून सुपात तयार होते. पाणी उकळत होतं आणि साळुबाई नुसती बसली होती.

तिने मला पाणी दिलं. बाहेर एकदा बघितलं आणि आवाज खाली घेतला.

"भाऊ, त्येंला इचारलं तर न्हाई म्हनतील. तुमी सांगा. खाल्लं का?"

"नाही, वहिनी."

"कुनी आग्रेव केला आसंल."

"केला. नवं म्हणून त्यांच्यापुढे ठेवलंही होतं. खाल्लं नाही."

"खरं?"

"खरं."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मीही बघितलं. मला खाली बघावं लागलं नाही. तिथे बसून मला वाटलं, त्या रात्री मी जुनं म्हणालो असतो तर आता काय केलं असतं. तो भात खरोखर जुनाच होता, म्हणजे मी खोटं बोलून खरं बोललो असतो. पण मला ते कधी कळलंच नसतं. आणि तिने तर हेच विचारलं असतं.

"दोन सुना कालपास्नं इचारत्यात, आत्याबाई, टाकायचं का," साळुबाई म्हणाली. "मी म्हनलं, भाऊ यीपतूर न्हाई."

तिने सूप उचललं आणि तांदूळ आधणात वैरले.

आंबेमोहराचा वास घरभर झाला. बारका नातू कुठूनसा धावत आला आणि चुलीपाशी फतकल मारून बसला. "आजून न्हाई," साळुबाई त्याला म्हणाली. "आबाला आत बोलव आदी."