गाळलेली दोन पानं

बहात्तरच्या दुष्काळात सोनईजवळच्या सरकारी रस्त्याच्या कामावर मी मजुरांची हजेरी घ्यायचो. जेवणाच्या सुट्टीत खडी फोडणाऱ्यांना बेलारूसमधली एक अनुवादित कादंबरी वाचून दाखवायचो. नायक चित्रकार, युद्धानंतर गावी परतून ढसाढसा रडणारा. एका बाईला वाचता येत नव्हतं, पण हातोडी मांडीवर ठेवून ती माझ्या बोटांकडे बघत बसायची.

“भाऊसाहेब, दोन पानं येकदम उलटली तुमी.”

“त्यात नुसता पाऊस आणि रान आहे. गोष्ट पुढं आहे.”

“नुसता पाऊस?” तिचा घास हातातच राहिला. “मंग त्यो चितारी काय बघून रडला?”

मी हादरलो. असली वर्णनं गाळूनच मी एम.ए. झालो होतो!

मागं जाऊन पाऊस वाचला. सुट्टी कधीच संपली होती. कामाला लावायची शिट्टी माझ्याच खिशात होती, पण वाजवायची हिंमत झाली नाही.