चिठ्ठीवरचा कापूस

भुताखेतांच्या गोष्टी ऐकल्या की मला आधी हसू येतं. शिक्षण केमिस्ट्रीचं, नोकरी सेफ्टी ऑफिसरची — पुरावा दाखवा, मग बोला! तरी हे लिहितेय...

चिकलठाण्याला आमच्या कारखान्यात भट्ट्या आहेत. त्यांना आतून सिरॅमिक फायबरचं अस्तर असतं — पांढरं, मऊ, थेट कापसासारखं. जुनं झालं की त्याची बारीक धूळ उडते, आणि ती छातीत बसली की सहजी निघत नाही. म्हणून ते आधी पाण्यानं भिजवायचं, दुहेरी पिशवीत बांधायचं, चिठ्ठी लावायची आणि घातक कचऱ्याच्या गाडीतूनच पाठवायचं.

हे सगळं आमचे जुने कामगार रामभाऊ मामा बघायचे. पैठणकडचे, कापूस पिकवणाऱ्या घरातले. पाणी मारायचा पिवळा प्लास्टिकचा मग कायम हातात. मला या कामात त्यांनीच घडवलं, लेकीसारखं रागावून रागावून. कामगारांना पटकन कळावं म्हणून मी चिठ्ठ्यांवर 'जुना कापूस' लिहायला लागले, तेव्हा तर भडकलेच. "म्याडम, कापूस म्हंजी घरात न्यायची चीज. एखादा येडा उशीत भरंल!" मी हसण्यावारी नेलं. मग मामा दुसऱ्यांकडे वळून म्हणाले, "ही पोरगी माझं ऐकंल तं शपथ!"

गेल्या वर्षी मामा गेले.

यंदा अस्तर बदलायला भट्टी उघडली. दुपारी गाडी भरताना एक पिशवी कमी निघाली. चौकशी केली, तर नवा कामगार अशोक मान खाली घालून म्हणाला, "कापूस लिवलेलं व्हतं, म्याडम... फेकायलाच चाललाय म्हणून न भिजवता, कोरडाच सकाळी घरी ठिवून आलो. लेक बाळंत झालीय, बाळाला उशी शिवायला."

दहा दिवसांचं बाळ, आणि त्याच्या नाकाखाली ते! अशोकला स्कूटीवर मागं बसवलं आणि पुंडलिकनगरातली त्याची खोली गाठली.

त्याची बायको दारातच कमरेवर हात ठेवून उभी. "उशी कशी शिवू आता? एक म्हातारबा आला, नळावर पिवळा मग भरून भरून समदा कापूस भिजवला, तोंड बांधलं. म्हणला, हात लावू नको माय, लेकराला लांब ठिव."

पिशवी अंगणात निथळत होती. बाळ आत मुठी आवळून गाढ झोपलेलं. मला रडूच फुटलं.

"अजून काही बोलले?" मी विचारलं.

"चिठ्ठी वाचून हसला. म्हणला, ही पोरगी माझं ऐकंल तं शपथ!"

गल्लीत घरोघर विचारलं. असा म्हातारा कुणी पाहिलाच नव्हता. खरं सांगू, आता पुरावा शोधायचा हट्टही उरला नाही.

चिठ्ठ्या मात्र त्याच संध्याकाळी बदलल्या. सगळ्या. ऐकलं बरं का, मामा... जरा उशिराच.